पोरास्नी विमानतळावरून आणायची नोकरी?

शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत चालवणारे आमच्या गल्लीतले अण्णा परवा रंकाळ्यावर फिरताना भेटले. चेहरा जरा उतरलेला. त्यांची धाकटी लेक इंग्लंडला एमएस्सी करायला गेली, पास झाली आणि आता तिथल्याच विद्यापीठाच्या 'इंटरनॅशनल ऑफिस'मध्ये लागली, एवढं मला ठाऊक होतं. अभिनंदन करायला मी तोंड उघडलं, तर अण्णाच म्हणाले, "अगं, तू जाऊन आलीयास तिकडं म्हणून विचारतो. ती म्हणतीया, नव्या पोरास्नी विमानतळावरून आणायला जातो, त्यांचे कागद बघतो. त्यापायी अठ्ठावीस लाख घातले व्हय आम्ही? हे काम कावळा नाक्यावरचा ट्रॅव्हल्सवालाबी करतोय की."

मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या बातम्या रोज येतात. एकट्या अमेरिकेत २०२४-२५ साली भारताचे ३ लाख ६३ हजार विद्यार्थी होते. व्हिसा नाकारला, फी वाढली, नियम बदलला, हे सगळं छापून येतं. पण या लाखो पोरांचे अर्ज तपासणारी, मार्क ताडून बघणारी, आजारी पडली तर दवाखान्यात नेणारी, नियम मोडला जाऊ नये म्हणून मागं लागणारी माणसंही कुणीतरी असतील ना? ती असतात, पगारी असतात, आणि त्यांतली बरीचशी स्वतः कधीतरी परक्या देशात बॅगा घेऊन उतरलेली असतात. अण्णांची लेक त्यांतलीच एक झाली आहे.

आधी शब्द

कोल्हापुरात 'इंटरनॅशनल' म्हटलं की पुढं 'स्कूल' येतंच, त्यामुळं पहिला गोंधळ तिथंच होतो. इथं विषय शाळांचा नाही. एका देशातला विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला निघतो तेव्हा त्याच्या निघण्याआधी, तिथं असताना आणि पदवी हातात पडल्यावर जी व्यवस्था लागते, ती चालवण्याच्या कामाला आंतरराष्ट्रीय शिक्षणाचं क्षेत्र म्हणतात. वर्गात शिकवायचं काम प्राध्यापकांचं. वर्गाच्या दारापर्यंत विद्यार्थ्याला सुखरूप आणून पोचवायचं काम या मंडळींचं.

मोठ्या विद्यापीठात याचे दोन विभाग असतात. सीबीएसवर, म्हणजे आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर, कशा येणाऱ्या गाड्या वेगळ्या आणि सुटणाऱ्या वेगळ्या, तसं. बाहेरून येणाऱ्यांना सांभाळणारं ऑफिस एक. आपल्याच विद्यार्थ्यांना एखाद-दुसरं सत्र परदेशात पाठवणारं दुसरं. अमेरिकेत त्याला 'स्टडी अब्रॉड ऑफिस' म्हणतात. नावाला फसून आपल्याकडचे पालक त्याच ऑफिसला ईमेल धाडत बसतात आणि उत्तर येत नाही म्हणून चरफडतात. ते बिचारे अमेरिकन पोरांना स्पेनला पाठवायच्या गडबडीत असतात. युरोपात ही पाठवापाठवी सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालते ती १९८७ साली सुरू झालेल्या 'इरॅस्मस' योजनेतून.

हा धंदा नवाही नाही. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्यांची 'नाफ्सा' ही संघटना १९४८ साली निघाली, युरोपातली 'ईएआयई' १९८९ साली. डॉक्टरांची, वकिलांची संघटना असते तशीच.

दसरा चौकात दुसरं काय चाललं होतं?

अण्णांना मी हे सांगायला लागले तर ते म्हणाले, शिकायला गेलेल्या पोराला एवढी सरबराई कशाला? मग मी त्यांना दसरा चौकातल्या जुन्या बोर्डिंगांकडं वळवलं.

राजर्षी शाहू महाराजांनी शाळा काढल्या आणि तेवढ्यावर थांबले, असं झालं नाही. शिरोळ-गडहिंग्लजकडचं पोरगं शहरात आलं तर झोपणार कुठं, जेवणार काय, परीक्षेच्या आदल्या रात्री कंदिलात तेल कोण घालणार, हा विचार आधी झाला. १९०१ साली मराठा बोर्डिंग निघालं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक वसतिगृहं उभी राहिली, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग आलं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. फी माफ केली तरी ताटाची सोय नसेल तर पोरगं चौथ्या दिवशी गावी परततं, हे महाराजांना कळत होतं.

गाव ते कोल्हापूर या अंतरात जी अडचण होती तीच कोल्हापूर ते मँचेस्टर या अंतरात आहे, फक्त तिच्यात व्हिसाची भर पडली आहे. बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट जे करत होते, त्यातलं बरंच आज इंटरनॅशनल ऑफिसातले लोक करतात. अण्णांचे वडील स्वतः बोर्डिंगात राहून शिकलेले. ते गप्प झाले, मग म्हणाले, "बरं. पुढं सांग."

सत्तर टक्क्यांचे अडीच

या कामाचा विमानतळाइतका दिसत नाही असा एक भाग आहे, आणि माझ्या मते खरी कसोटी तिथंच लागते. गुळाचा रवा यार्डात आला की त्याची प्रत ठरते. रंग बघतात, कण बघतात, मग बोली. मार्कलिस्टचंही तसंच असतं. परदेशी विद्यापीठात अर्ज आला की आपल्या इथल्या मार्कांची प्रत तिथल्या मापात ठरवावी लागते. याला पदवी-मूल्यांकन म्हणतात, आणि ते करणारी माणसं विद्यापीठांत असतात, तशीच फक्त हेच काम करणाऱ्या संस्थांतही असतात. न्यूयॉर्कची 'वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस' १९७४ पासून हेच करते.

आता एक गणित बघू. समजा, इथल्या एका मुलीला पदवीला ७० टक्के आहेत. जर्मनीत गुण उलटे चालतात: १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे कसाबसा पास. तिथं सर्रास वापरलं जाणारं सूत्र असं: जास्तीत जास्त गुणांतून मिळालेले गुण वजा करा. त्याला, जास्तीत जास्त गुण वजा पास होण्याचे गुण, या आकड्यानं भागा. तीननं गुणा. एक मिळवा. पासिंग ४० असेल तर १०० वजा ७० म्हणजे ३०, त्याला ६० नं भागलं की अर्धा, तिनानं गुणून दीड, एक मिळवून अडीच. जर्मनीतल्या बऱ्याच अभ्यासक्रमांची वेस या २.५ च्या आसपास असते. म्हणजे मुलगी वेशीच्या आत.

पण टेबलापलीकडच्या माणसानं पासिंग ५० धरलं तर? ३० भागिले ५०, गुणिले तीन, अधिक एक: २.८. मुलगी बाहेर.

मार्क तेच, मुलगी तीच. मार्कलिस्टच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात पासिंग किती लिहिलंय ते उलटून बघणारा माणूस खुर्चीत होता की नव्हता, एवढाच फरक. इथं ज्यानं स्वतः परीक्षा दिल्या आहेत, एटीकेटी म्हणजे काय ते ज्याला सांगावं लागत नाही, तो पान उलटतो. दुसऱ्याला मागची बाजू असते हेच ठाऊक नसतं.

आणि हेच ७० टक्के इंग्लंडला नेले तर लोक भुवया उंचावतात, कारण तिथं सत्तरच्या पुढं पहिला वर्ग सुरू होतो आणि तो सहज मिळत नाही. अमेरिकेत नेले तर सत्तर म्हणजे जेमतेम 'सी'. एका आकड्याचे तीन अर्थ. ज्यानं दोन देशांत परीक्षा दिल्या त्याला हे पाठ करावं लागत नाही, त्याच्या अंगावर ते बेतलेलं असतं.

बाकीची कामं थोडक्यात सांगते. विद्यापीठासाठी विद्यार्थी मिळवायला देशोदेशी फिरणारे भरती अधिकारी असतात. त्यांची नोकरी बाहेरून फार चकचकीत दिसते, पण वर्षातले कित्येक महिने बॅगेतच जातात. विद्यापीठा-विद्यापीठांतले करार सांभाळणारे असतात, शिष्यवृत्त्या बघणारे असतात. आणि व्हिसाच्या नियमांचं पालन बघणारे असतात. हे शेवटचं काम रुक्ष, पण त्याच्यावर सगळ्यांची भाकरी आहे. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थी घ्यायला विद्यापीठाला सरकारचा परवाना लागतो. विद्यार्थी वर्गात यायचा बंद झाला तर ते सरकारला कळवावं लागतं. २०१२ साली लंडनमधल्या एका विद्यापीठाचा हा परवानाच काढून घेतला गेला होता, आणि हजारावर पोरं एका रात्रीत लटकली होती. अण्णांची लेक 'कागद बघते' म्हणजे हे बघते.

पैलवान आणि वस्ताद

मग परदेशात शिकून आलेला प्रत्येक जण या कामाला लायक का?

कोल्हापूरकराला हे समजावणं सोपं आहे. चांगला पैलवान चांगला वस्ताद होईलच असं नाही. वस्ताद कधीतरी लाल मातीत उतरलेला असावा लागतो हे खरं, पण पोराची चण बघून त्याला कुठला डाव द्यायचा, कधी खुराक वाढवायचा आणि कधी 'तुझं हे काम नव्हे, घरी जा' म्हणायचं, ही अक्कल वेगळी असते. परदेशी पदवी म्हणजे आखाड्यात उतरल्याचा पुरावा झाला. त्यानं वस्तादकी येत नाही.

मी स्वतः २०१५ साली इंग्लंडला एका वर्षाच्या एमएला गेले. आठवड्याला २० तास काम करायची मुभा होती, तर हॉटेलात भांडी घासण्यापेक्षा बरं म्हणून विद्यापीठाच्या स्वागत पथकात नाव दिलं. दुसऱ्या सप्टेंबरात नव्या पोरांना आणायला नारिंगी टी-शर्ट घालून मी विमानतळावर उभी होते. एक पोरगा आला, इचलकरंजीचा. दोन बॅगा, एकीतून कांदा-लसूण चटणीचा वास सुटलेला. तो वास आल्यावर मला रडू फुटायचं बाकी होतं. त्याचा मात्र पहिला प्रश्न कार्डाचा. त्या काळी व्हिसाच्या स्टिकरवर तिथं पोचायचं आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड दहा दिवसांत ठरलेल्या पोस्ट ऑफिसातून उचलायचं, असा नियम होता. त्याचं कार्ड लंडनच्या एका पोस्टात पडलं होतं. आमचं गाव लंडनपासून दोनशे मैल. इथल्या एजंटानं फॉर्म भरताना सवयीनं लंडनचाच पिनकोड ठोकून दिला होता.

पोरगा घाबरून पांढरा पडलेला. "मॅडम, मला परत पाठवतील का?" मला उत्तर माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसातल्या एक पन्नाशीच्या बाई होत्या, तरुणपणी मलेशियातून शिकायला आलेल्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, त्याचं पत्र वाचलं, मग शांतपणे दोन फोन केले, कार्ड दुसऱ्या पोस्टात मागवायची खटपट सुरू केली आणि मुदत चुकली तर दाखवायला विद्यापीठाचं एक पत्र त्याच्या हाती ठेवलं. अर्धा तास. पोरगा निघून गेल्यावर मला म्हणाल्या, आता बस आणि हे सगळं कोणत्या क्रमानं केलं ते लिहून काढ, कारण उद्या आणखी चार येतील. आले. पाच आले.

मी एमए कशात केलं ते आज मला नोकरीत कुणी विचारत नाही. त्या वहीत काय लिहिलं होतं ते अजून उपयोगी पडतं.

म्हणून परदेशात असलेल्या आणि या क्षेत्राचा विचार करणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं: पदवीच्या वर्षातच विद्यापीठाच्या आतली कामं धरा. नव्या मुलांना माहिती देणारं पथक, वसतिगृहातला सहायक, प्रवेश विभागाचे फोन घेणारा विद्यार्थी, अशा जागा जवळपास प्रत्येक विद्यापीठात असतात. पैसे दुकानातल्या कामाइतकेच मिळतील. पण पुढं नोकरीचा अर्ज करताना 'मी स्वतः परदेशी विद्यार्थी होतो' हे वाक्य सगळेच लिहितात, आणि त्याखाली दुसरं वाक्य कुणाकडं नसतं. शिवाय नुसत्या मराठी मुलांच्या घोळक्यात राहू नका. व्हिएतनामच्या पोरीचे आईबाप फोनवर काय विचारतात आणि नायजेरियाच्या पोराची फी बँकेत कुठं अडकते, हे कळायला लागलं की तुम्ही वस्तादकीच्या वाटेला लागलात.

यातच पदवी घ्यायची तर तीही मिळते. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय शिक्षण याच विषयात एमए आहे, कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात आंतरराष्ट्रीय आणि तुलनात्मक शिक्षण शिकवतात. पण काम आधी, पदवी नंतर, हा क्रम मला जास्त पटतो.

मग तिथंच नोकरी का नाही करायची?

इथं एक गाठ आहे, आणि ती सांगणारे थोडे.

अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, त्याला 'ओपीटी' म्हणतात. पण ते काम तुमच्या पदवीच्या विषयाशी थेट जुळलेलं असावं लागतं. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये एमएस केलेल्याला विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात सल्लागार म्हणून बसता येत नाही, कितीही आवड असली तरी. शिवाय विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नोंदी अधिकृतपणे हाताळणारा विद्यापीठाचा जो नेमलेला अधिकारी असतो, तो अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच लागतो. त्या ऑफिसातल्या बऱ्याच जाहिरातींत ही अट तळाशी एका ओळीत असते. पोरं अर्जावर अर्ज करत राहतात आणि नकार का येतो ते कळत नाही.

इंग्लंडमध्ये जरा मोकळं आहे. पदवीनंतरच्या 'ग्रॅज्युएट' व्हिसावर जवळपास कुठलंही काम चालतं. अण्णांची लेक त्यावरच आहे. पण तो दोन वर्षांचा, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडी सोडून, दीडच वर्षाचा मिळेल. त्यानंतर राहायचं तर कुशल कामगाराचा व्हिसा लागतो, आणि त्याची पगाराची अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे. नवख्यांना त्यात थोडी सवलत आहे, तरी अशा ऑफिसातली सुरुवातीची नोकरी या उंबरठ्याच्या खालीच राहते बहुधा. अण्णांना हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांच्या लेकीला ते आधीच माहीत असणार. तिचं कामच ते आहे.

"म्हणजे एजंटच की!"

हा आक्षेप अण्णांचा होता, पण राजारामपुरीच्या गल्ल्यांत लागलेले परदेशी शिक्षणाचे बोर्ड बघणाऱ्या कुणाच्याही मनात तो येईल.

अडत्याला अडत कळते, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं. बरेचसे सल्लागार पालकांकडून फी घेत नाहीत, किंवा नावाला घेतात. मग त्यांचं चालतं कशावर? परदेशी विद्यापीठ त्यांना दर प्रवेशामागं कमिशन देतं, साधारण पहिल्या वर्षाच्या फीच्या दहा ते वीस टक्के. अडतीत वाईट काही नाही. तिच्यावर अख्खा यार्ड उभा आहे. फक्त अडत कोण देतं हे शेतकऱ्याला ठाऊक पाहिजे. जे विद्यापीठ कमिशन देतं त्याचंच नाव सल्लागाराच्या तोंडी आधी येणार. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नसतेच, त्यामुळं कमिशनही नसतं, आणि म्हणून फुकट सल्ला देणाऱ्या टेबलावर जर्मनीचं नाव सहसा उशिरा निघतं. का ते आता तुम्हाला कळलं असेल.

विद्यापीठाच्या ऑफिसातला माणूस पगारी असतो. पोरगं आलं काय, न आलं काय, त्याला त्या प्रवेशामागं अडत नाही. तरी विद्यापीठाला फी हवीच असते, तेव्हा तोही अगदी गंगेचं पाणी नव्हे. पूर्ण बाजूला उभे राहून सल्ला देणारे वेगळे: अमेरिकेचं 'एज्युकेशन यूएसए', जर्मनीचं 'डाड', फ्रान्सचं 'कॅम्पस फ्रान्स'. यांना आपापल्या देशाची बाजू मांडायची असते, पण अमुकच कॉलेज गळ्यात मारायचं नसतं. इथंही नोकऱ्या असतात, भारतात असतात, आणि बाहेर शिकून आलेल्यांना तिथं किंमत असते.

खराब एजंट काय करू शकतो तेही बघा. २०२३ साली कॅनडात भारताच्या कित्येक विद्यार्थ्यांवर देश सोडायची वेळ आली, कारण त्यांना मिळालेली प्रवेशपत्रंच बनावट निघाली; पोरं तिथं जाऊन शिकली, नोकरीला लागली आणि मग हे उघडकीला आलं. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडानं प्रत्येक प्रवेशपत्र त्या-त्या कॉलेजकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. पडताळणार कोण? कॉलेजात बसलेला तोच 'कागद बघणारा' माणूस.

दारं तर बंद व्हायला लागलीत

खरं आहे. कॅनडानं २०२४ साली विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियानं विद्यार्थी व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून १,६०० केली आणि वर्षभरात २,००० वर नेली. इंग्लंडनं जानेवारी २०२४ पासून बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना नवरा-बायको-मुलं सोबत आणायला बंदी केली. अमेरिकेत २०२५ च्या उन्हाळ्यात व्हिसाच्या नव्या मुलाखती देणंच काही आठवडे थांबलं होतं. इंग्लंडमधली विद्यापीठं माणसं कमी करताहेत, आणि त्यात इंटरनॅशनल ऑफिसंही सुटलेली नाहीत. तेव्हा ही नोकरी पक्की, असं मी कुणाला सांगणार नाही.

पण हे दार झुलतं. पदवीनंतर काम करायचा व्हिसा इंग्लंडनं २०१२ साली बंद केला, म्हणून माझ्यासारख्यांना पदवी झाली की परत यावं लागलं. २०२१ साली तोच पुन्हा उघडला. आता परत आखडता घेताहेत. आणि नियम जितका किचकट, तितकी तो समजावून सांगणाऱ्याची गरज जास्त; दुष्काळात टँकरवाल्याला काम लागतं तसं, जरा कडू आहे, पण आहे.

दुसरं म्हणजे आता उलटी गाडीही सुरू झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी वेगळं कार्यालय असावं असं म्हटलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात कॅम्पस काढायचे नियम दिले. गुजरातच्या गिफ्ट सिटीत ऑस्ट्रेलियाची डीकिन आणि वोलोंगाँग आली, गुरुग्रामला साउदम्प्टन आलं. जून २०२५ मध्ये मुंबई-नवी मुंबईत येण्यासाठी ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था अशा पाच जणांना इरादापत्रं मिळाली. या सगळ्यांना तिकडची पद्धत कळणारी आणि इथली मार्कलिस्ट वाचता येणारी माणसं लागणार. कोल्हापूरहून नवी मुंबई एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर आहे.

आपल्याकडं तर हे काम बिनपगारी कधीपासूनच चालू आहे. शिवाजी विद्यापीठातून भौतिक, रसायन अशा विषयांत पीएचडी करून पुढच्या संशोधनाला दक्षिण कोरियाला गेलेली बरीच माणसं कोल्हापूर-सांगलीत भेटतील. आधी गेलेला मागून येणाऱ्याचा अर्ज बघतो, प्राध्यापकाकडं शब्द टाकतो, सोलमध्ये खोली शोधून ठेवतो. नव्या सुनेला मोठी जाऊ डबे कुठं ठेवलेत ते दाखवते, तसं. त्याला कुणी करिअर म्हणत नाही, इतकंच.

पैशाचं काय?

इथं मी कठोर आहे. या क्षेत्रात जायचं म्हणून कर्ज काढून परदेशी जाऊ नका. ३० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ४१ हजार रुपये पडतो. पुण्यात किंवा राजारामपुरीत नवख्या सल्लागाराला एवढा पगार मिळेल असं धरून चालू नका. सॉफ्टवेअरवाल्यांच्या पगाराशी तर तुलनाच नको.

जायचंच असेल तर शिष्यवृत्तीची वाट बघा. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपच्या विषयांत 'उच्चशिक्षण प्रशासन' हा विषय असतो, म्हणजे थेट हेच क्षेत्र. त्याला आधी तीन वर्षांचा अनुभव लागतो. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा. दोन्हींत शिकून भारतात परत यावं लागतं, आणि पुष्कळ जण तेवढ्यावरच नाक मुरडतात. या कामासाठी मात्र ती अट अडचणीची नाही, कारण इथं बसून करायचंच काम आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला नावही शाहू महाराजांचंच आहे.

न जाता हे काम करता येतं का? येतं. एखाद्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षात, एखाद्या नीट चाललेल्या सल्लागाराकडं दोन-तीन वर्षं काढा, ऑनलाइन प्रशिक्षणं आहेत ती करा. मातीत न उतरलेलेही चांगले पंच होतात. पण रात्री दोन वाजता पोराचा फोन आला आणि 'मॅडम, मला इथं करमत नाही' म्हणाला, तर त्यापुढं काय बोलायचं हे ज्यानं तशा खोलीत कधी रात्र काढली आहे त्याला जरा लवकर सुचतं. बोलायचं फारसं नसतंच. आधी विचारायचं, आज जेवलास काय.

हे सगळं ऐकून अण्णा रंकाळ्याच्या कठड्यावर बसले. भेळ आली. मला वाटलं पटलं नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी घरी आले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली मार्कलिस्ट. साडूच्या पोराची, मेकॅनिकलची. "त्याला जर्मनीला जायचं म्हणतंय. तेवढं पोरीला फोटो पाठवून विचारतो, म्हटलं आधी तू बघ. अडीच बसतात का?"

तिथंच फोटो काढून त्यांनी लेकीला पाठवला. तिकडं दुपार असणार. दोन मिनिटांत तिचा आवाज आला, फोन स्पीकरवर: "अण्णा, ही पुढची बाजू झाली. मागची पाठवा."